सहा भाषांत एकच प्रश्न

डांबरी रस्त्याच्या कडेला, उजवा कान जमिनीला टेकवून आणि डोळे गच्च मिटून क्रांती आडवी पडली होती. अगदी मन लावून पडली होती. तेवढ्यात तिच्या तोंडावर बाटलीभर गार पाणी आलं.

जानेवारीची सकाळ, कडेगावची थंडी आणि वर हे पाणी! "आई गं!" करून ती ताडकन उठून बसली. केस निथळत होते, नाकात पाणी गेलं होतं. समोर एक उंच, सावळा तरुण रिकामी बाटली हातात धरून उभा होता, आणि खरं सांगायचं तर तो तिच्याहून जास्त घाबरला होता.

"आवं मॅडम, शुद्धीत हाय न्हवं तुमी? आन ह्या पोरास्नी काय झालंय? काय इषारी खाल्लं का काय?"

क्रांतीच्या मागं एकोणीस पोरं ओळीनं पालथी पडली होती, प्रत्येकाचा कान जमिनीला. एवढा गोंधळ झाला तरी एकही हललं नव्हतं. फक्त पाच वर्षांच्या शंभूराजनं एक डोळा उघडून त्या माणसाला दटावलं, "गप की ओ! ट्रॅक्टर यायलाय."

आणि वळणाआडून धडधडत उसाचा ट्रॅक्टर आलाच. "मी आधी ऐकला, मी आधी ऐकला" करत सगळी पोरं उठली आणि फाटकातून आत पळाली. तो तरुण मात्र तोंड उघडं टाकून तिथंच उभा होता.

"या आठवड्याचा आमचा प्रश्न आहे," ओढणीनं तोंड पुसत क्रांती म्हणाली. "ट्रॅक्टर दिसायच्या आधीच शाळेतलं कुत्रं भुंकायला लागतं. त्याला कसं कळतं?"

"मग सांगायचं की सरळ. त्येचे कान तिखट असत्यात म्हणून."

"तुम्ही सांगितलं म्हणजे मुलांना कळलं, असं होतं का?"

त्यानं बाटलीकडं पाहिलं, मग तिच्या ओल्या केसांकडं. "मला वाटलं, चक्कर आली तुमास्नी... चुकलं माझं."

"तुमच्यात ओळख करून घ्यायची हीच पद्धत आहे वाटतं?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. "पर वाईट न्हाई पद्धत. आता इसरणार न्हाई तुमी मला."

क्रांतीनं ओली ओढणी झटकली. तेवढ्यात त्यानं मागं उभ्या केलेल्या गाडीचं दार उघडलं आणि आतून दोन वेण्या घातलेली, छातीशी डबा घट्ट धरलेली एक मुलगी उतरली.

"मी धैर्यशील. ही माझी भाची, सृष्टी," तो म्हणाला. "तुमच्याच शाळंत घालायला आणलीया."

म्हणजे हा माणूस रोज दिसणार होता! क्रांतीनं घाईघाईनं केस पिळले.

आता ही शाळा कसली, ते सांगायला हवं. कडेगाव-विट्याकडं घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात असतो. जुनं सोनं आटवायचं, त्यातला कस काढायचा, हे काम. त्यासाठी ही माणसं पार केरळ, तमिळनाडू, बंगालपर्यंत दुकानं थाटून बसलेली. त्यांची पोरं गावी परत येतात ती भलत्याच भाषा तोंडात घेऊन. त्यात गुऱ्हाळावर उत्तरेकडचे कामगार, जतकडचे कानडी गवंडी आणि हंगामात ऊस तोडायला आलेली बंजारा कुटुंबं. गावातल्या शाळेत या सगळ्या पोरांना एकच गोष्ट आधी शिकवली जायची, ती म्हणजे गप्प बसणं. सांगलीच्या विनोदिनीबाई निवृत्त होऊन इथं आल्या आणि त्यांनी दोन खोल्यांची ही बालवाडी काढली. नियम दोनच. प्रत्येक पोरानं आपापल्या भाषेत बोलायचं, आणि मोठ्यांनी आयतं उत्तर द्यायचं नाही. आठवड्याला एक प्रश्न भिंतीवर लागतो. पोरं बघतात, ऐकतात, हाताळतात, गावभर विचारत फिरतात आणि काय सापडलं ते सांगतात.

क्रांती या शाळेत दोन वर्षं होती. इस्लामपूरची, सुभेदार लालासाहेबांची धाकटी मुलगी. कडेगावात खोली घेऊन राहायची आणि शनिवारी घरी जायची. वय सव्वीस. स्थळं येत होती, ती परतवत होती, आणि सुभेदारांचा पारा चढत होता. पण शाळेचं वेड असं की वाण्यानं "साखर किती देऊ?" विचारलं तरी ही म्हणायची, "तुम्हाला काय वाटतं?"

धैर्यशीलनं मात्र पहिल्याच दिवशी अट घातली.

"एक सांगून ठेवतो, बाई. हिला मल्याळम बोलू द्यायचं न्हाई. एक शब्द बी न्हाई."

"का बरं?"

"ताई आन दाजी त्रिशूरला, मी बी तिथंच. सगळा दिस दुकानात. ही पोर शेजाऱ्यांच्या घरात वाढली. मराठी कळती थोडी, पर बोलत न्हाई. आता ताईला दिस गेल्यात, डॉक्टरनं झोपून ऱ्हायला सांगितलंय, म्हणून हिला आजीकडं सोडायला आलोय. नात काय म्हणती ते आईला कळंना, आन आई ते ऐकूनच घेईना. महिन्याभरात मराठी आली पायजे."

"आणि पाच वर्षांत जे आलंय, ते टाकून द्यायचं?"

"टाकायला लागतंय कवा कवा."

"आमच्याकडं नाही," क्रांती म्हणाली. "पटत नसेल तर रस्ता तिकडं आहे. तुम्ही पाहिलाच आहे."

ती असं बोलून बसली आणि मग तिचं लक्ष सृष्टीकडं गेलं. त्यानं खरंच मुलीला परत नेलं असतं तर? पण तो गेला नाही. त्यानं डोकं खाजवलं, सृष्टीच्या पाठीवर हात फिरवला आणि मुकाट्यानं अर्ज भरला.

चार दिवस सृष्टी बोलली नाही. रडलीही नाही. डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसायची. पाचव्या दिवशी गुळाच्या खड्याला मुंग्या लागल्या आणि सगळा वर्ग भोवती जमला. मुंगीला तुमच्या घरी काय म्हणतात, असा खेळ सुरू झाला. गुऱ्हाळावरची रिंकी म्हणाली, "चींटी." गवंड्याची महादेवी म्हणाली, "इरुवे." इतक्यात मागून बारीक आवाज आला.

"उरुंबु."

सगळे चमकून मागं वळले. सृष्टी उभी होती. सेलममध्ये वाढलेला शंभूराज तर उडीच मारून ओरडला, "एरुंबु! आमच्यात एरुंबु! बाई, हिची आन माझी मुंगी एकच हाय!" आणि त्यानं सृष्टीचा हात धरून तिला थेट गुळाजवळ आणून बसवलं. त्यानंतर ती पोरगी जी बोलत सुटली, ती दुपारपर्यंत थांबली नाही. निम्मं कुणालाच कळत नव्हतं, तरी सगळे माना डोलवत होते.

क्रांतीनं वर पाहिलं तर खिडकीत धैर्यशील होता. न्यायला आला होता आणि तिथंच खिळला होता. एवढा धिप्पाड माणूस, पण डोळे भरून आलेले. ती बाहेर गेली तेव्हा त्यानं पाठ फिरवली.

"धूर गेला डोळ्यात," तो म्हणाला.

"कसला? इथं चूल कुठं आहे?"

तो हसला. "सोळाव्या वर्षी गेलो मी त्रिशूरला. सहा महिने मुका होतो, बाई. भूक लागली तर पोटावर हात मारून दाखवायचा. मला कुणी इचारलंच न्हाई, मुंगीला तुमच्यात काय म्हणत्यात."

क्रांतीच्या काळजात काहीतरी हललं. हे प्रेम होतं, हे तिला त्या वेळी कळलं नाही, पण आपल्याला काय हरकत आहे? प्रेमच होतं ते.

"उद्यापासून रोज अकरा वाजता या," ती म्हणाली. "सृष्टीचं बोलणं मला समजावून सांगायला."

"रोज?"

"का? जमणार नाही?"

"जमंल की. पर पाण्याची बाटली आणू का नगं, तेवढं सांगा."

तो रोज येऊ लागला. पोरांत मांडी घालून बसायचा आणि मल्याळम शब्द सांगायचा. क्रांती ते वहीत उतरवून घ्यायची आणि चुकीचे उच्चारायची, मग सृष्टी खो-खो हसायची. त्याच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. लिहिता लिहिता क्रांतीची नजर तिकडं जायची, आणि तिची नजर गेली की तो बाही खाली ओढायचा.

एकदा शंभूराजनं त्याला विचारलं, "मामा, सोनं खरं हाय का खोटं, तुमी कसं वळखता?"

"सोपं हाय. कसाच्या दगडावर घासायचं आन..."

"थांबा!" क्रांती ओरडली. तो दचकलाच. "उत्तर द्यायचं नाही!"

"आवं, येत असलेलं उत्तर पोटात ठेवायचं? पोट दुखंल माझं."

"सवय होते."

"तुमाला कवापासनं झाली?"

"तुम्हाला काय वाटतं?"

तो मान मागं टाकून मोठ्यानं हसला. विनोदिनीबाईंनी चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं आणि पुन्हा हजेरीत डोकं घातलं.

असे पाच आठवडे गेले. फेब्रुवारी संपत आला, आणि एका गुरुवारी शाळा सुटल्यावर तो फाटकाशी थांबून राहिला. गुऱ्हाळावर कढई उतरली असावी, कारण सगळ्या रस्त्याला ताज्या गुळाचा वास येत होता. सृष्टी पुढं पोरांत खेळत होती.

"दाजींचा फोन आलाय," तो म्हणाला. "दुकान एकट्यानं रेटंना. रविवारी निघायला पायजे."

क्रांतीच्या पायांखालची जमीन सरकली. तिला हे ठाऊकच होतं, तो जाणारच होता, तरीपण सरकली. "बरं," ती म्हणाली. "सृष्टीची काळजी करू नका."

"तिची न्हाई काळजी..." त्यानं बाही खाली ओढली. "बाई... क्रांती... माझ्यासंगं येशील? म्हंजी, लगीन करून. तू लय आवडतीस मला. पाणी ओतलं तवापासनं."

तिच्या कानांत ट्रॅक्टर धडधडावा तसं झालं. होय म्हणावंसं वाटलं, पळून जावंसं वाटलं, खाली बसावंसं वाटलं. आणि तोंडातून काय बाहेर पडावं?

"तुम्हाला काय वाटतं?"

जीभ चावली तिनं, पण शब्द गेले होते. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्यानं कपाळाला आठ्या घालून तिच्याकडं बघितलं, शंभूराज मुंगीकडं बघायचा अगदी तसं.

"बरं," तो हळूच म्हणाला. "शोधतो मग." आणि निघून गेला.

शुक्रवारी सकाळी ती मनाशी वाक्यं जुळवत शाळेत आली. आज सगळं नीट समजावून सांगायचं, असं ठरवून आली होती. दारातच तिचे पाय थबकले.

भिंतीवर नवा प्रश्न लागला होता. सहा पट्ट्या, सहा भाषा. मराठी, मल्याळम, तमिळ, कानडी, हिंदी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी. मराठीतली पट्टी सगळ्यांत वर होती: 'बाई मामाशी लग्न करतील का?'

ती पुढं होऊन अक्षरं बघायला लागली. तमिळ पट्टी शंभूराजच्या आईच्या अक्षरातली. कानडी महादेवीच्या वडिलांनी लिहिलेली. म्हणजे हा माणूस काल संध्याकाळी घरोघर फिरला होता! गवंड्याच्या खोपटात, गुऱ्हाळावर, ऊसतोड कामगारांच्या तळावर, सगळीकडं जाऊन त्यानं हा प्रश्न लिहून आणला होता!

"विनोदिनीबाई! हे... हे तुम्ही लावू दिलंत?"

"का? प्रश्न चांगला आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "उत्तर पुस्तकात नाही, निरीक्षणातून काढता येतं. पद्धत आपलीच आहे की."

टेबलावर दोन बरण्या होत्या, एक 'होय'ची आणि एक 'नाही'ची. प्रत्येकानं हरभऱ्याचा एक दाणा टाकायचा आणि का टाकला ते सांगायचं. क्रांतीला काही बोलायची संधीच मिळाली नाही.

"बाई आता रोज काजळ घालत्यात," महादेवीनं 'होय'मध्ये दाणा टाकला. "आधी न्हाई घालायच्या."

"अकरा वाजायला आले की बाई दाराकडं बघत्यात. मी मोजलं. सात येळा."

"मामा यायला उशीर झाला तर आमाला वरडत्यात."

"बाई मामाच्या जोकवर हसती है," रिंकी म्हणाली. "जोक अच्छा नहीं था, फिर भी."

क्रांतीचे कान लाल झाले. जे तिनं स्वतःशीसुद्धा धड कबूल केलं नव्हतं, ते एकोणीस पोरांनी बोटांवर मोजून ठेवलं होतं. 'होय'ची बरणी भरत चालली. शेवटी सृष्टी राहिली. ती पुढं आली, बराच वेळ मूठ आवळून उभी राहिली, आणि तिनं दाणा 'नाही'च्या बरणीत टाकला.

सगळी पोरं त्या बरणीत डोकावली.

"का गं?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"बाई तिकडं गेल्या तर गप्प होणार," सृष्टी शब्द जुळवत म्हणाली. "मी इकडं आले, गप्प झाले. मला बाई होत्या. बाईंना... तिकडं बाई कोण?"

कुणी थोबाडीत मारावी तशी क्रांती सुन्न झाली. हीच तर भीती होती! इतके दिवस दुसऱ्यांच्या पोरांना बोलतं करणारी ती, स्वतः परक्या गावात मुकी व्हायला घाबरत होती, म्हणून तिनं त्या साध्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. ते पाच वर्षांच्या पोरीला कळलं होतं आणि तिला स्वतःला कळलं नव्हतं.

दाराशी आवाज झाला. धैर्यशील कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. त्याचा चेहरा उतरला होता.

"हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई," तो म्हणाला. "मी सोता भोगून बी." आणि ती काही बोलायच्या आत तो वळून चालायला लागला.

शनिवारी क्रांती इस्लामपूरला गेली नाही. डोकं दुखतंय असं घरी कळवून खोलीत बसून राहिली. दुपारी दार वाजलं. धैर्यशील असेल म्हणून ती धावली. दारात शालूबाई उभ्या होत्या, त्याची आई, आणि बोटाला सृष्टी.

तिचं धाबं दणाणलं. मल्याळम शब्द घरात नको, ही अट मुळात याच बाईची होती. आता गावभर झालेल्या बोभाट्याचा जाब विचारायला आल्या असणार.

"बसा ना, काकू. चहा टाकते. त्या भिंतीवरच्या पट्ट्यांचं मला खरंच काही..."

"च्या नगं," शालूबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "पोरी, तुला इचारायला आले. जायाचं भ्या वाटतंय न्हवं तुला? ही सांगत हुती."

क्रांतीनं 'हो' म्हणून मान हलवली.

"वाटू दे. खरं हाय ते. मी त्या त्रिशुरात अकरा वर्सं काढली, पोरं व्हायच्या आधी."

क्रांती बघतच राहिली. "तुम्ही? तुम्ही तिथं होता?"

"लगीन झाल्या झाल्या गेले. हे पहाटेपास्नं दुकानात. घरात मी एकली. भाजी घ्यायची तर बोट दाखवायचं, किती ते बोटानं सांगायचं. अकरा वर्सांत एक शब्द आला न्हाई मला. कुणी शिकवलाच न्हाई, आन मी बी लाजंपायी इचारला न्हाई. म्हणून ही पोर तसलं बोलायला लागली की माझ्या अंगावर काटा येतो." त्या थांबल्या. "एकच शब्द ध्यानात ऱ्हायलाय. शेजारी एक म्हातारी हुती. रोज सांच्याला भिंतीवरनं माझ्याकडं बघून वराडायची, 'वा मोळे, वा मोळे.' मला वाटायचं, शिव्या देती. मी आपलं दार लावून घ्यायची."

खाली बसून क्रांतीच्या वहीत चित्र काढणाऱ्या सृष्टीनं मान वर केली.

"आज्जी, ती शिवी नाही," ती म्हणाली. "वा मोळे म्हंजी, ये पोरी."

"काय?"

"ये पोरी. इकडं ये. आमची शेजारची आजी, अम्मुम्मा, मला रोज म्हणते."

शालूबाई पुढं झुकल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, सृष्टीनं पुन्हा सांगितलं. "अकरा वर्सं," त्या पुटपुटल्या. "अकरा वर्सं ती मला ये म्हणत हुती, आन मी दार लावत हुते!" आणि ती करारी बाई पदर तोंडाला लावून हुंदके देऊन रडायला लागली. क्रांतीनं त्यांना मिठी मारली. तिलाही रडू आवरेना. सृष्टी घाबरून दोघींच्या मध्ये शिरली.

शालूबाई निघाल्या तशी क्रांती विनोदिनीबाईंच्या घरी गेली आणि जे सांगायचं ते एका दमात सांगून आली.

रविवारी दहाची कराडची एसटी होती. कराडहून पुढं त्याची रेल्वे. क्रांती पळत पळत स्टँडवर पोचली तेव्हा धैर्यशील बॅग पायाशी ठेवून उभा होता. शेजारी शालूबाई आणि सृष्टी.

"मला तुम्हाला..." तिला धाप लागली होती.

"थांबा, आधी मी," तो घाईनं म्हणाला. "प्रश्नच चुकला माझा. 'बाई येतील का' म्हणून गावभर इचारलं. 'मी येईन का' हे सोतालाच इचारलं न्हाई. काल दाजीस्नी फोन केला. मे महिन्यात दुकानातला वाटा सोडतो आन इकडंच येतो. आटणी काय, विट्यात बी करता येती."

क्रांतीच्या खांद्यावरची पर्स घसरून खाली पडली. "तुम्ही दुकान सोडलंत?"

"व्हय."

"आणि मी काल विनोदिनीबाईंना सांगून आले, जूनपासून दुसरी बाई बघा म्हणून!"

आता थिजायची पाळी त्याची होती. दोघं एकमेकांकडं डोळे फाडून बघत राहिले. एसटीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "चला कराड, कराड!" ओरडणारा कंडक्टरसुद्धा ओरडायचा थांबला.

"दाजींना परत फोन करा," क्रांती म्हणाली. "दुकान सोडायचं नाही. तिथं आपली गलाईवाली घरं आहेत ना? त्यांना मुलं आहेत ना?"

"लय हायती. पर तुमाला भ्या वाटतंय..."

"वाटतंय! खोटं कशाला बोलू? पण तिथं शेजारीण हाक मारेल तेव्हा मला ओ द्यायची आहे. मेपर्यंत रोज फोनवर मला मल्याळम शिकवायचं, आणि गेल्यावर पहिल्या दिवसापासून भाजी माझी मी आणणार. आणि..." तिनं एक मोठा श्वास घेतला. "तुम्ही मला आवडता. फार आवडता. मी तुमच्याशी लग्न करणार. सांगून टाकते, नाहीतर पुन्हा सहा भाषांत विचारत फिराल."

धैर्यशील मटकन बॅगेवर बसला. खिडकीतून कुणीतरी शिट्टी मारली. शालूबाईंनी डोळे पुसले, क्रांतीची अलाबला घेतली आणि कडाकडा बोटं मोडली.

"तुमच्या वडलास्नी काय म्हणाले ह्यावर?" बॅगेवर बसल्या बसल्या धैर्यशील गडबडून म्हणाला. "न्हाई, म्हंजी... वडील काय म्हणाले?"

क्रांतीचा चेहरा खाडकन उतरला. सुभेदार लालासाहेब! मिशीवरून हात फिरवत अंगणात बसणारे, शनिवारी मुलगी आली नाही म्हणून आत्ता रस्त्याकडं बघत असणारे.

"त्यांना..." ती कशीबशी म्हणाली. "त्यांना सांगायचं राहिलंच."

"म्हंजी सगळ्या कडेगावाला ठावं हाय आन इस्लामपुरात पत्ताच न्हाई?" शालूबाईंनी कपाळाला हात लावला. "धैर्या, ऊठ! रेल्वे गेली तर जाऊ दे. इस्लामपूरची गाडी कवा हाय बघ."

ती पलीकडच्या फलाटावर लागलेलीच होती. चौघं धावत जाऊन चढली. सृष्टीनं खिडकी पकडली, शालूबाई तिच्या शेजारी, आणि मागच्या बाकावर ही दोघं, अजून धाप न ओसरलेली.

"घरात बंदूक हाय का हो त्यांच्या?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"आहे."

त्यानं बॅग पुढच्या बाकाखाली सरकवली. मग तिचा हात हातात घेतला, आणि कंडक्टर आला तरी सोडला नाही. डाव्या हातानं खिसा चाचपत तो म्हणाला, "एक फुल, तीन हाफ. इस्लामपूर."